मामाजींच्या पायावरची सूज आणि गोळीतलं तिसरं नाव

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, 68 वर्षांचे आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले. शुगर जुनी आहे, बीपीपण आहे. संक्रांतीच्या सुमारास शुगर फार वाढली म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. तेव्हापासून त्यांचे पाय सुजून राहिले. मोज्याचे वळ संध्याकाळपर्यंत जात नाहीत. वजन 72 होतं, ते 77 झालं. घराजवळच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, चार दिवस सूज उतरली, मग पुन्हा तेच. आता आठवडाभरापासून रात्री आडवं झालं की दम लागतो, दोन उशा घेऊन टेकून झोपतात. शुगरच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी डापाग्लिफ्लोझिन नावाची नवीन गोळी लिहून दिली होती, पण दुकानदार म्हणाला याने लघवी खूप होते. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून आम्ही ती सुरूच केली नाही. चुलत दीर म्हणतात, शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते, सगळं बंद करा आणि कारल्याचा रस द्या. मामाजीही म्हणतात, एवढं खाऊन हेच होणार असेल तर मी काहीच घेत नाही. सगळ्या स्ट्रिपचे फोटो सोबत पाठवते आहे. काय करावं?
एक सून, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या, कारण त्यातली एक गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. ती इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहितो. पायावर सूज, झपाट्याने वाढलेलं वजन आणि आडवं पडल्यावर लागणारा दम, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फिजिशियनला किंवा हृदयरोगतज्ज्ञाला दाखवायचं. पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. आडवं झाल्यावर पायांत साठलेलं पाणी रक्तात परत येतं, त्या वाढीव पाण्याचा भार हृदयाला पेलत नाही आणि ते फुफ्फुसात उतरायला लागतं. उशा वाढवाव्या लागतात त्या यामुळे. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हे नाव ऐकून घरात रडारड होते, पण याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही, पंप कमी पडतो आहे असा आहे, आणि वेळेवर उपचार झाले तर माणूस पुन्हा फुटाळा तलावावर फिरायला जाऊ शकतो.

मध्यरात्री गुदमरून उठले, दरदरून घाम फुटला, खोकल्यातून गुलाबी फेस आला किंवा छातीवर दडपण वाटलं, तर सकाळ होऊ देऊ नका. 108 ला फोन करा, किंवा मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल आणि जिथे रात्री इमर्जन्सी चालते तिथे थेट न्या. जुनी शुगर असलेल्या माणसाला हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. नसांवर परिणाम झालेला असतो, त्यामुळे कधी नुसता दम, नुसता घाम, नुसती मळमळ एवढंच दिसतं. "छातीत कुठे दुखतंय त्यांच्या?" असं म्हणून घरी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे एवढं ठासून सांगतो.

आता चुलत दिरांचं म्हणणं. सगळी औषधं एकदम बंद करण्याचा सल्ला धोक्याचा आहे. संक्रांतीला इन्सुलिन लागलं याचा अर्थ मामाजींच्या शरीराचं स्वतःचं इन्सुलिन पुरेनासं झालं आहे. अशा वेळी सगळं सोडलं तर आठवडाभरात साखर कुठल्या कुठे जाईल, आणि थकलेल्या हृदयाला तेही सोसणार नाही. कारल्याची भाजी मामाजींना आवडत असेल तर खुशाल करा, पण ती इन्सुलिनच्या जागी बसत नाही. किडनी खराब होते ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि बीपीने. लोक दोष मात्र मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीला देतात. तरी दिरांच्या शंकेत तथ्याचा एक कण आहे, आणि तो तुम्ही पाठवलेल्या फोटोत छापलेला आहे.

सकाळ-संध्याकाळच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बघा. समोर कंपनीने दिलेलं मोठं नाव आहे. मागे बारीक अक्षरांत तीन नावं आहेत : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन. तिसऱ्या नावापुढे 15 मिलिग्रॅम लिहिलं आहे. मामाजी ही गोळी दोनदा घेतात, म्हणजे दिवसाला 30. घरात सगळे हिला 'शुगरची गोळी' म्हणतात. तिच्या पोटात तीन औषधं आहेत आणि त्यातलं एक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या पत्रातली सूज, वजन आणि दम यांचा माग मला या तिसऱ्या नावापर्यंत जाताना दिसतो. तपासणीशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही, पण पहिला संशय इथेच घ्यायला हवा.

पायोग्लिटाझोन शरीरातल्या पेशींना इन्सुलिनचं म्हणणं ऐकायला लावतं. त्या कामात ते चांगलं आहे, स्वस्त आहे, आणि फॅटी लिव्हर असलेल्यांना त्याचा फायदाही होतो. पण तेच औषध किडनीतल्या बारीक नळ्यांनाही सोडियम परत आत ओढायला लावतं. जिथे मीठ तिथे पाणी. रक्तातलं पाणी वाढतं, पाय सुजतात, वजन चढतं. ज्याचं हृदय धडधाकट आहे तो हे निभावून नेतो. ज्याचं हृदय जुन्या शुगरने आणि बीपीने आतून कडक झालेलं आहे, पण कुणी तपासलेलं नाही, त्याला हेच पाणी जड जातं. औषधाने दरवेळी हृदयाचा स्नायू खराब केलेला असतो असं नाही. बरेचदा आधीच कमकुवत असलेल्या हृदयावर ते जास्तीचा भार टाकतं आणि लपलेला आजार उघडा पडतो.

एकट्याने घेतलं तर या औषधाने साधारण 5 टक्के लोकांना सूज येते. इन्सुलिनच्या जोडीने घेतलं तर ते प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास जातं, कारण इन्सुलिनही किडनीला मीठ धरून ठेवायला सांगतं. मामाजींची सूज संक्रांतीनंतरच का सुरू झाली, याचं उत्तर मला इथे सापडतं. गोळी जुनीच होती, तिला इन्सुलिनची जोड मिळाली. इन्सुलिन देणं चूक नव्हतं. ते देताना या तिसऱ्या नावाचा फेरविचार व्हायला हवा होता.

तुमच्या फोटोंत आणखी तीन गोष्टी दिसल्या. बीपीसाठी अम्लोडिपिन आहे. त्यानेही घोट्याशी सूज येते, मात्र त्या सुजेत सहसा वजन फारसं वाढत नाही आणि दमही लागत नाही. तळपायांच्या आगीसाठी रात्री प्रेगाबालिन आहे. हे नसांचं औषध, त्याचा सुजेशी काय संबंध असं वाटेल. पण प्रेगाबालिनच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलं आहे : त्यांच्या अभ्यासांत पायोग्लिटाझोनच्या गटातलं औषध एकटं घेणाऱ्यांत सूज 3 टक्क्यांना आली, प्रेगाबालिन एकटं घेणाऱ्यांत 8 टक्क्यांना, आणि दोन्ही घेणाऱ्यांत 19 टक्क्यांना. तिसरी गोष्ट म्हणजे गुडघ्यासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली पेनकिलर. दुखणं आणि दाह कमी करणाऱ्या या गटातल्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, मीठ अडवतात, बीपी वाढवतात आणि लघवीच्या गोळीचा असर मारतात. ही एक गोष्ट मात्र तुम्ही आज, आत्ता, कुणालाही न विचारता बंद करू शकता. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल कितपत चालेल ते डॉक्टरांना विचारा. हृदयाची आणि किडनीची तक्रार असलेल्या माणसाला दुकानातून हातोहात पेनकिलर मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे पुष्कळ औषधं डॉक्टरला न सांगता घेतलेली असतात.

मग लघवीची गोळी आली. पाय सुजले म्हणून पाणी काढायची गोळी, सूज परत आली म्हणून तिचा डोस वाढवायचा, त्याने पोटॅशियम उतरलं की त्यासाठी आणखी एक औषध. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, आणि पहिलं तसंच चालू. पायोग्लिटाझोनच्या सुजेवर नेहमीची लघवीची गोळी अनेकदा पुरी पडत नाही, हेही माहीत असू द्या. मूळ औषध थांबलं की ही सूज बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न अगदी सरळ आहे : "यांना इन्सुलिन सुरू आहे, पाच किलो वजन वाढलंय, झोपल्यावर दम लागतो. मग गोळीतलं पायोग्लिटाझोन चालू ठेवायचं का?" हार्ट फेल्युअरची लक्षणं असलेल्या माणसाला हे औषध देऊ नये, यावर जगभरच्या डॉक्टरांत दुमत नाही. अमेरिकेत तर 2007 पासून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापला जातो. पण तुम्ही स्वतःहून ती गोळी फेकू नका. ती तीन औषधांची एकच गोळी आहे, त्यातलं एक वेगळं काढता येत नाही. ती बंद केली की मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडही गेलं, आणि साखर उसळली. डॉक्टर बाकीची दोन वेगळी लिहून देतील किंवा इन्सुलिनचं प्रमाण बदलतील. त्यासाठी अपॉइंटमेंट लागत नसते, त्याच दिवशी फोनवर होणारं काम आहे हे.

अशा एकात तीन औषधं असलेल्या गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गोळ्यांची संख्या कमी होते, पैसे वाचतात, हे खरं. पण साठीपुढच्या, बीपी असलेल्या माणसाला अशी गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवायची आणि त्यात काय आहे हे त्याला एकदाही सांगायचं नाही, ही पद्धत मला मान्य नाही. त्रास झाला की कुणामुळे झाला ते कळत नाही आणि एकाला बाजूला करता येत नाही.

काही वाचकांना आठवत असेल, 2013 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली होती. जुलैअखेर ती इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू झाली. तो गोंधळ मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून होता. आज आपण बोलतोय तो पाण्याचा मुद्दा वेगळा आहे आणि रोजच्या व्यवहारात तो जास्त वेळा भेटतो. हृदयाच्या बाबतीत खरं वादळ उठलं ते याच्या भावंडावरून. रोसिग्लिटाझोन नावाचं याच गटातलं औषध तेव्हा जोरात चालत होतं. 2007 मध्ये अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी आधीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की त्याने हार्ट अटॅकचा धोका वाढलेला दिसतो. 2010 मध्ये युरोपने ते बाजारातून काढलं, भारतानेही त्याच वर्षी बंदी घातली. पुढे अटॅकविषयीची भीती काहीशी निवळली आणि अमेरिकेने निर्बंध सैल केले, पण पाणी धरून ठेवण्याचा आणि हार्ट फेल्युअरचा दोष कुणी नाकारला नाही.

त्या प्रकरणातून एक फार चांगली गोष्ट झाली. तोपर्यंत शुगरचं औषध म्हणजे साखर उतरवणारं औषध, एवढंच पाहिलं जायचं. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कंपन्यांना बजावलं की शुगरचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. त्या सक्तीच्या अभ्यासांतून दोन्ही बाजूंचे निकाल आले. 2013 मध्ये सॅक्साग्लिप्टिन या गोळीच्या 16,000 हून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासात हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हावं लागणाऱ्यांची संख्या वाढलेली निघाली. त्याच कुटुंबातल्या सिटाग्लिप्टिन आणि लिनाग्लिप्टिनमध्ये तसं आढळलं नाही, म्हणून नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' दिसलं की घाबरायचं कारण नाही. आणि 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल आला तेव्हा आम्ही डॉक्टरमंडळीही चकित झालो. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयविकाराने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठीची भरती 35 टक्क्यांनी कमी झाली होती. 2019 मध्ये डापाग्लिफ्लोझिननेही हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत तसंच करून दाखवलं, आणि त्या अभ्यासातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तर शुगर नव्हतीच.

म्हणजे ताई, तुम्ही भीतीने कपाटात ठेवून दिलेली ती गोळी याच घराण्यातली आहे. मामाजींच्या पायात पाणी साठवणारं औषध रोज दोनदा पोटात जात होतं, आणि पाणी बाहेर काढून हृदयाला मदत करणारं कपाटात होतं. तुम्हाला दोष देत नाही. दुकानदाराने जे सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

डापाग्लिफ्लोझिन किडनीतून साखर परत रक्तात जाऊ देत नाही. मधुमेह्याच्या लघवीवाटे दिवसाला साधारण 70 ग्रॅम साखर बाहेर पडते, तिच्यामागे थोडं मीठ आणि पाणी जातं. सुरुवातीचे काही दिवस लघवीला जास्त जावं लागतं, मग शरीर जुळवून घेतं. सकाळी घेतली तर रात्रीची झोप मोडत नाही. पूर्वी ही गोळी महाग होती. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 मध्ये संपलं, त्यामुळे आता दोन्ही पुष्कळ स्वस्तात मिळतात. सुरू कधी करायची, हे मात्र आता डॉक्टरांनी मामाजींना नव्याने तपासून ठरवायला हवं, कारण मधल्या काळात लघवीची गोळी सुरू झाली आहे. दोन्ही एकत्र चालणार असतील तर लघवीच्या गोळीचा डोस बहुधा कमी करावा लागेल. उभं राहिल्यावर चक्कर येते का, उभ्याने बीपी किती, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती, हे पाहूनच. गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन सुरुवातीला किंचित वाढू शकतं. ते पाहून घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. लांबच्या पल्ल्यात हे औषध किडनीला जपतं.

उन्हाळ्याची तुमची काळजी रास्त आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, नवतप्यात तर बाहेर पाय ठेववत नाही. अशा दिवसांत जुलाब, उलट्या, ऊन लागणं, ताप, किंवा पोटात काही न टिकणं, यातलं काहीही झालं तर त्या दिवसापुरती डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी थांबवायची, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. शरीर कोरडं पडलेलं असताना या तिन्ही गोळ्या किडनीवर ताण आणतात. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नाही, डोस विचारून घ्यायचा. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाने न खाता गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाते, छातीत धडधडतं, आणि दुबळ्या हृदयाला तो झटका महागात पडू शकतो. हा आजारपणाच्या दिवसाचा नियम डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा, कारण त्या दिवशी घरात कोण असेल ते सांगता येत नाही.

डापाग्लिफ्लोझिन चालू असताना निर्जळी उपवास नको. एकादशी धरायचीच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पोट रिकामं, पाणी कमी आणि ही गोळी, यात रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठू शकतं, आणि फसवं असं की मीटरवर साखर फार वाढलेली दिसत नाही. मळमळ, पोटदुखी, खोल-खोल श्वास, फार गळून जाणं असं झालं तर "साखर तर 200 च आहे" म्हणून गप्प बसू नका. दवाखान्यात गोळीचं नाव सांगा आणि कीटोन तपासायला सांगा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर तारीख ठरतानाच या गोळीचा उल्लेख करा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ती किमान तीन दिवस बंद ठेवतात. आणखी एक गोष्ट, जी सासऱ्यांशी बोलायला तुम्हाला अवघड जाईल, म्हणून तुमच्या यजमानांनी सांगावी : लघवीतून साखर जात असल्याने त्या जागी खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करण्याची सवय पुरेशी असते.

पाणी किती प्यायचं, हा प्रश्न नागपूरच्या उन्हाळ्यात मला रोज विचारला जातो, आणि सगळ्यांना लागू पडेल असा आकडा मी देत नाही. "उन्हाळा आहे, चार-पाच लिटर प्या" हा सल्ला सुजलेल्या पायांच्या माणसासाठी नाही. मामाजींची मर्यादा त्यांचे डॉक्टर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ततपासणी पाहून सांगतील. तोवर तहान लागेल तेवढं, थोडं थोडं. ओआरएस मात्र सरबतासारखं पिऊ नये. एक लिटरच्या पाकिटात अडीच ग्रॅमहून जास्त मीठ आणि साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. ते जुलाबासाठीचं औषध आहे. ताक प्या, पण बिनमिठाचं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. आपल्या घरात ते सकाळच्या तर्री-पोह्यात आणि दुपारच्या लोणच्या-पापडातच संपतं. रविवारचा सावजी रस्सा सध्या नको. या दिवसांत गच्चीवर वाळत घातलेले पापड, कुरड्या, सांडगे सगळे मिठाचेच आहेत, तेवढे मामाजींच्या ताटाबाहेर ठेवा. आणि बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनी अशक्त असेल किंवा बीपीची काही औषधं चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

वजनाचा काटा घरात नसेल तर आणा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत रोज वजन घ्या आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी फोन करा. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा राहतो का आणि तो कुठवर चढतो, हेही लिहा. डॉक्टरांना "सूज थोडी कमी वाटते" यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

दाखवायला जाताना सगळ्या स्ट्रिप, पेनकिलर धरून, एका पिशवीत न्या. ईसीजी, इको, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि शक्य असेल तर हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी होईल. सूज किडनीची असेल तर ती लघवीतल्या अल्ब्युमिनवरून कळेल. दिरांच्या शंकेचं समाधान त्याच रिपोर्टने होईल, वादाने नाही. इकोत 'पंपिंग 60 टक्के, नॉर्मल' असं आलं म्हणून हार्ट फेल्युअर नाही असं समजू नका. शुगर आणि बीपीच्या रुग्णांत हृदय जोराने आकुंचन पावतं पण नीट सैल होत नाही, असा प्रकार बराच आढळतो. पंपिंगचा आकडा चांगला आणि तरी माणसाला दम, असं होऊ शकतं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा उपयोग या प्रकारातही सिद्ध झाला आहे.

मामाजी "काहीच घेत नाही" म्हणतात, त्यामागे हट्टापेक्षा थकवा असावा. रात्रभर बसून काढणाऱ्या माणसाला गोळ्यांचा वीट येणारच. त्यांना सांगा, मामाजी, या भेटीत गोळ्या वाढवायला नाही, निदान दोन कमी करायला चाललोय : ती पेनकिलर आणि ते तिसरं नाव. प्रेगाबालिन आणि अम्लोडिपिनला पर्याय आहे का तेही त्याच वेळी विचारा. आणि त्यांची पूर्वीची एखादी इको किंवा ईसीजी कुठल्या फाइलीत पडली असेल तर शोधून सोबत न्या. जुन्या रेल्वे हॉस्पिटलच्या कागदांत ती बहुधा सापडेल.